सुतावरून चाक

कोजागरीच्या आदल्या दिवशी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर सायकल खांद्यावर टाकून उलट्या दिशेनं चालणारा एक जाडा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर तो मी. अख्खं सोलापूर 'आई राजा उदो उदो' करत पायी तुळजापूरला निघालेलं, आणि मी एकटा तुळजापूरकडून सोलापूरकडं. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेली पिवळी जर्सी, पायांत दर पावलाला टकटक वाजणारे सायकलीचे बूट. तामलवाडीच्या जवळ मागच्या चाकाची एक तार 'टण्ण' करून तुटली होती. एकच. पण कारखान्यातून तयार आलेलं ते चाक चोवीस तारांचं. त्यातली एक गेली की समोरच्या बाजूच्या तारांना अडवणारं कुणी राहत नाही, त्या रिंग आपल्याकडं ओढून घेतात, आणि टायर सायकलीच्या दांडीला घासायला लागतो. ब्रेक मोकळा करून बघितला, चाक हललं नाही. गर्दीमुळं गाड्या दुसऱ्या रस्त्यानं वळवलेल्या. टेंपो मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

एक म्हातारी समोरून आली, थांबली, माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितली.

"दर्शन झालं व्हय लेकरा?"

मी मान हलवली. दम इतका लागला होता की ती मान होकारार्थी हलली की नकारार्थी, ते माझं मलाच कळलं नाही.

"सायकलीचा नवस व्हता?"

पुन्हा मान हलली. तिनं सायकलीच्या सीटला हात लावून तो कपाळाला लावला आणि माझ्या हातात दोन केळी ठेवली. पुढच्या मंडपापर्यंत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. तिथं चहा मिळाला, खुर्ची मिळाली, एका कार्यकर्त्यानं माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. "कितवं वर्ष मालक?" त्यानं विचारलं. "पहिलंच," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

आता थोडं माझ्याविषयी. नव्या पेठेत माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. वीस वर्षं मी लोकांना निवड करताना बघतो आहे. गिऱ्हाईक गादीवर मांडी घालून बसतं, पंचवीस चादरी उलगडायला लावतं, दारातल्या उजेडात नेऊन रंग बघतं, "धुतल्यावर आटणार नाही ना?" असं तीनदा विचारतं, आणि शेवटी पहिली उलगडलेली चादरच घेऊन जातं. अशा लोकांची मी मनातल्या मनात फार टिंगल केली आहे. धंद्यातली एक युक्तीही सांगून ठेवतो. जो माल खपवायचा, तो पहिला दाखवायचा नाही. आधी एक स्वस्त आणि हाताला खरखरीत लागणारा दाखवायचा. मग एक इतका महाग, की भाव ऐकून गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं त्याची घडी घालावी. आणि मग मधला. मधल्यावर हात पडतोच. हे सगळं ठाऊक असलेला माणूस सायकलीच्या तारा घ्यायला गेला होता, एवढं लक्षात असू द्या.

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण होटगी रस्त्यानं सायकली हाणून येतो आणि सात रस्त्याला चहा पितो. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, एक तंत्रनिकेतनातले सर आहेत. मी तुटलेल्या तारेची कथा सांगितली. नवसाचा भाग वगळला.

"तयार चाकाचं असंच असतं," डॉक्टर म्हणाले. "तारा कमी. दिसायला देखणी. पण तुमच्यासारख्या जरा..." ते थांबले. दाताच्या डॉक्टरला दुखणाऱ्या जागेच्या अलीकडं थांबायची सवय असते. "जरा भरलेल्या माणसानं चाक बांधून घ्यावं."

घर पाहावं बांधून म्हणतात, त्यात चाकाचा उल्लेख का नाही, हे मला पुढच्या तीन महिन्यांत कळलं. ज्यानं म्हण केली त्याला माणसांची दया आली असणार.

चाक बांधून घ्यायचं म्हणजे मधला हब, बाहेरची रिंग आणि त्या दोघांना धरून ठेवणाऱ्या तारा हे सगळं वेगवेगळं विकत घ्यायचं. हबचा निकाल पाच मिनिटांत लागला. शिमानो कंपनीचा १०५ नावाचा, बत्तीस भोकांचा. बस्स. एवढ्या झटपट एक गोष्ट ठरली म्हणून मी आनंदात सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. ते इतक्यात द्यायला नको होते.

रिंगेला पाच आठवडे लागले.

पहिला घोळ मापाचा. या चाकाला सातशेचं चाक म्हणतात. पण टेप घेऊन मोजायला बसा, सातशे कुठंच भरत नाही. टायर जिथं बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. आमच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला अठ्ठावीस इंची म्हणतात, तिचा निघतो ६३५. म्हणजे दोन्ही नावानं मोठी आणि मापानं छोटी, आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टॉवेलच्या धंद्यात आम्हीही छापतो एक आणि भरतो एक, नाही असं नाही, पण इतकं धाडस आम्हाला कधी झालं नाही.

मग रुंदी. मी कॉलेजात होतो तेव्हा शर्यतीच्या सायकलीचा टायर २३ मिलिमीटरचा असायचा. त्यात दगडासारखी हवा भरायची आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्यात मोजायचा. तेच शास्त्र होतं. आता शास्त्र बदललं. टायर रुंद हवा, हवा कमी हवी, म्हणजे खड्ड्यावरून चाक उडत नाही, दबून पुढं जातं, आणि उलट वेग वाढतो. त्यामुळं टायर आला अठ्ठावीसवर, आणि रिंगही आतून रुंद लागायला लागली. पूर्वी पंधरा असायची, आता अठरा, एकोणीस, एकवीस. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत विज्ञानानं पाच मिलिमीटर प्रगती केली. दूधवाल्याच्या टायरची रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. विज्ञान अजून तिथवर पोचायचं आहे.

डॉक्टरांचं म्हणणं कार्बनची रिंग घ्या, पन्नास मिलिमीटर खोल. तिचा आवाजच वेगळा येतो म्हणे, घूं घूं. सर म्हणाले, यांच्या सायकलीला रिंगेवर घासणारा ब्रेक आहे. चौऱ्याण्णव किलोचा माणूस तुळजापूरचा घाट ब्रेक दाबत उतरला की कार्बन तापणार, आणि उन्हाळ्यात सोलापुरात दगडच तापलेला असतो, तिथं कार्बनचं काय घेऊन बसलात! शिवाय खोल रिंगेला आडवा वारा लागला की सायकल होटगीऐवजी अक्कलकोटला जाणार. मला एवढंच ऐकू आलं की सरांनी माझं वजन सगळ्यांसमोर सांगितलं.

ॲल्युमिनियम ठरलं. मग रंग! चंदेरी की काळा? काळी रिंग फार रुबाबदार दिसते. पण ब्रेक घासतो त्या पट्ट्यावरचा काळा मुलामा हळूहळू जातो आणि खालची चांदी दिसायला लागते. कलप लावलेल्या माणसाच्या कानापाशी दिसते तशी. माझ्या स्वतःच्या कानापाशी तो प्रश्न असल्यानं मी चंदेरी घेतली.

यात माविकच्या जुन्या रिंगेनं आठ दिवस घेतले. सर तिच्याविषयी बोलायला लागले की त्यांचा आवाज हळवा होतो. अर्ध्या जगाची शर्यतीची चाकं म्हणे तिच्यावर बांधली गेली. पण ती आतून पंधराची. शेवटी डीटी स्विसची, आतून अठराची, बत्तीस भोकांची रिंग घेतली. तिचं वजन ४६० ग्रॅम आणि नावही ४६०. नावाला जागणारी एवढी एकच वस्तू मला या सगळ्या प्रकरणात भेटली.

आता तारा.

मला वाटायचं तार ती तार. तिला काय निवडायचं? दुकानात बसून मी बंगळुरूच्या एका चाक बांधणाऱ्याला फोन लावला. तो असलंच सामान विकतोही. त्यानं पहिला प्रश्न विचारला, वजन किती? समोर दोन बायका सुजनी बघत बसल्या होत्या. मी म्हणालो, ब्याऐंशी. त्यानं विचारलं, रस्ते कसे? यावर मी खरं बोललो. मग त्यानं तीन मिनिटांत निकाल दिला. मागं-पुढं बत्तीस, गोल तार, दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८, तार रिंगेशी आवळून धरणारे पितळी निपल, तीन फुल्यांची विण, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडणार. संपलं.

इतक्या लवकर मिळालेलं उत्तर बरोबर असेल असं मला वाटेना. एवढं सोपं असतं तर लोकांनी इतका विचार कशाला केला असता? मी विचारलं, "याहून चांगली काही?" हा प्रश्न माझ्या दुकानात कुणी विचारला की मी पोऱ्याला वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला सांगतो. त्यानंही काढला.

वरच्या फळीवर बेल्जियमच्या सापिमची चपटी तार होती. मधल्या भागात २.२ मिलिमीटर रुंद आणि ०.९ जाड, म्हणजे सुरीच्या पात्यासारखी वाऱ्यात शिरणारी. काही चपट्या तारा इतक्या रुंद असतात की हबच्या भोकातून जातच नाहीत, हबला चिरा पाडाव्या लागतात. ही तशी नाही, गुमान जाते. भाव ऐकला. एका तारेला तीनशेच्या आसपास. आमच्याकडं तेवढ्यात बरा टॉवेल येतो, आणि टॉवेल बत्तीस घ्यावे लागत नाहीत.

"याचा फायदा?" मी डॉक्टरांना विचारलं.

"चाळीस किलोमीटरमागं काही सेकंद वाचतात," डॉक्टर म्हणाले. "पन्नासच्या वेगानं जाणाऱ्याचे."

मी बावीसनं जातो, तेही वारा पाठीमागून असेल तर. सरांनी कागद काढला. तार ढकलू शकत नाही, ती फक्त ओढू शकते, असं सांगून ते दीड तास बोलले, आणि खरं सांगतो, त्या दीड तासात मला पहिल्यांदा चाक कळलं. आपण चाकाच्या खालच्या तारांवर उभे असतो असं वाटतं. खरं तर सगळ्या तारा आधीच करकचून ताणलेल्या असतात, आणि माणूस बसला की जमिनीलगतच्या दोन-चार तारांचा ताण थोडा उतरतो. चाक फिरलं की पुढच्या तारांची पाळी. म्हणजे प्रत्येक तार दर फेऱ्याला एकदा सैल होते आणि पुन्हा ताणली जाते. चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण २.१ मीटर. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी, करायची तर एकेक तार पंच्याण्णव हजार वेळा सैल होऊन ताणली जाणार. त्यात ती पार ढिली पडत असेल, तर मानेपाशी, जिथं ती हबमध्ये वाकते, तिथं तुटणार. मध्ये बारीक केलेली तार ताणाखाली जास्त लांबते, म्हणून ती पुरती ढिली पडत नाही. म्हणजे बारीक तार जास्त टिकते. मागच्या चाकाला उजवीकडं दात्यांची चकती असते, त्यामुळं त्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या लागतात आणि त्यांना डावीकडच्यांच्या दुप्पटीजवळ ताण असतो. माझी तुटलेली तार उजवीकडचीच होती.

म्हणून बंगळुरूवाला म्हणाला तेच बरोबर, असं सर शेवटी म्हणाले. मी मान डोलावली आणि मागच्या चाकाला गोल तारा ठरवल्या. पुढच्या चाकाला मात्र चपट्या. का, ते विचारू नका. पुढचं चाक चालवणाऱ्याला दिसतं.

ऑर्डर देण्याआधी सायकली दुरुस्त करणाऱ्या अण्णांना दाखवावं म्हणून रिंगा घेऊन अशोक चौकाकडं गेलो. अण्णांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, एक लाकडी पेटी आणि कडुनिंबाच्या फांदीला टांगलेलं एक चाक. पूर्वी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. मागाचे आवाज ऐकून कुठला धोटा अडकतोय ते सांगायचे. आता सायकलीचे आवाज ऐकतात.

"काय मालक, किती तारा?"

"बत्तीस. मागं-पुढं."

"मागं चाळीस पाहिजे." त्यांनी टपरीला टेकलेली दूधवाल्याची सायकल दाखवली. "पुढं बत्तीस, मागं चाळीस. माणूस मागं बसतो का पुढं?"

याला उत्तर नव्हतं. हबला भोकं बत्तीसच आहेत असं म्हणालो, तर त्यांनी भोकं पाडणाऱ्याविषयी तेलुगूत काहीतरी म्हटलं.

"वजन किती तुमचं?"

"ब्याऐंशी."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मागाचा आवाज ऐकताना बघत असतील तसं. मग शेजारच्या भंगारवाल्याला हाक मारली, "काटा मोकळा हाय का बे?" आणि मला जुन्या पंख्यांच्या नि कुकरच्या मधोमध उभं केलं. ९४.६. भंगारवाल्यानं सवयीनं सोबत भावही सांगितला. ॲल्युमिनियमचा सांगितला, लोखंडाचा नाही, यात मी समाधान मानलं.

मग मी अण्णांना बारीक तारेचं शास्त्र समजावलं. ते ऐकेनात. "जाड ती दणकट. सूत बारीक केलं की तुटतंय." मी म्हणालो, सगळ्या तारा मानेलाच तुटतात. अण्णांनी पेटीतून रॉकेलचा एक जुना डबा काढला, त्यात वीसेक वर्षांच्या तुटलेल्या तारा होत्या. "मधे तुटलेली एक दाखवा," मी म्हणालो. मी डबा उपडा केला. आम्ही दोघं खाली बसून एकेक तार बघितली. मधे तुटलेल्या दोन निघाल्या, त्याही रिक्षाखाली आलेल्या. बाकी सगळ्या मानेला. माझ्या आयुष्यात वादात जिंकल्याची वेळ फार थोडी आली आहे, त्यातली ही एक, आणि तीही अर्ध्या मिनिटाची. अण्णा तार बोटात फिरवत म्हणाले, "मग मान जाड करा की. मधी बारीक ठेवा."

अशी तार स्वित्झर्लंडात करतात. मानेला २.३४, मध्ये १.८. त्यासाठी तिथं किती इंजिनियर बसले असतील कोण जाणे. अण्णांना एक डबा पुरला.

लांबी मोजायचं काम माझ्याकडं होतं. रिंगेवर कंपनीनं माप छापलेलं असतं. पण सरांची ताकीद होती, छापील मापावर जाऊ नका, स्वतः मोजा. पद्धत सोपी आहे. समोरासमोरच्या दोन भोकांत निपल अडकवायचे, टोकापासून टोकापर्यंत अंतर घ्यायचं, त्यात दोन्ही निपलची लांबी मिळवायची. त्या आकड्यावरून, हबच्या मापावरून आणि विणीवरून तारेची लांबी निघते. मिलिमीटरची चूक चालते, तीन मिलिमीटरची चालत नाही.

दुपारची वेळ होती, आई झोपली होती. तिच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप काढला. बायकोला टोक धरायला लावलं. ती काहीतरी म्हणायला लागली.

"बोलू नको," मी म्हणालो. "आकडा चुकेल."

तीनदा मोजलं. तीनदा तेच आलं. छापील मापापेक्षा तीन मिलिमीटर जास्त. स्वतः मोजल्याचं सार्थक झालं! इतक्या मोठ्या कंपनीची चूक आपण पकडली म्हणून मी संध्याकाळी सरांना फोनही केला. गणित मांडलं. पुढची तार आली २९२.६. बंगळुरूवाल्याकडं दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्यानं तारा होत्या, २९२ नाही तर २९४. चादरीच्या धंद्यात एक नियम आहे, आखूड पडण्यापेक्षा लांब बरी. धुतल्यावर आटते. मी २९४ मागवल्या. मागच्याही त्याच न्यायानं.

पार्सल तीन आठवड्यांनी आलं. पाणी चार दिवसांआड, पार्सल तीन आठवड्यांनी, सोलापूरच्या माणसाला वाट बघायचं काही वाटत नाही. चपटी तार अण्णांनी उजेडात धरली.

"हिला कुणी हातोड्यानं बडवलंय का?"

"तशीच असते अण्णा. वाऱ्यासाठी."

"बडवलीयच." आणि तेही खरंच आहे, गोल तारच दाबून चपटी करतात.

पण अण्णा चाक भरायला बसले आणि मी दुकान विसरून दोन तास तिथं उकिडवा बसलो. एकेक तार हबमधून ओवायची, दोन तारांच्या वरून काढायची, तिसरीच्या खालून घालायची आणि रिंगेच्या भोकात निपलला लावायची. वरून, वरून, खालून. मी जन्मभर ताण्या-बाण्याचा माल विकतो, पण विणताना माणसाच्या चेहऱ्यावर काय असतं ते मी कधी नीट बघितलं नव्हतं. ताण मोजायचं एक यंत्र मिळतं, ते सरांकडं आहे. अण्णा बोटानं तार छेडतात आणि कान देतात. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर सारखा लागला की झालं.

सूर लागेना. निपल फिरता फिरता अडायचा. अण्णांनी पाना खाली ठेवला, रिंग उलटी केली. प्रत्येक निपलच्या डोक्यातून तारेचं टोक बाहेर आलेलं. आटे संपले होते, तार मात्र अजून ढिलीच.

"लांब हाय."

"नाही अण्णा, मी मोजलोय. तीनदा."

"तीनदा लांब हाय."

मी घरी गेलो. आई गच्चीवर वाळवण गोळा करत होती. मी टेप दाखवून विचारलं, हा टेप बरोबर आहे ना?

"त्याच्या टोकाचं पितळ गेलंय की कधीच," ती म्हणाली. "तुझ्या मुंजीच्या आधी. सुतभर कमी हाय तो. मी सूत सोडूनच मापते."

"मला कुणी सांगितलं नाही?"

"मी सांगत होते," बायको म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बोलू नको."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन मिलिमीटरवर थोडं. माझी रिंग छापील मापाचीच होती. कंपनीची माफी मी मनातल्या मनात मागितली, सरांना मात्र अजून काही सांगितलेलं नाही.

चौसष्ट तारा. कापून नवे आटे पाडून देणारा कुणी मला सोलापुरात मिळाला नाही, आणि बंगळुरूवाला उघडलेलं पाकीट परत घेत नाही. मीही दुकानात घेत नाही, त्यामुळं वाद घालायला तोंड नव्हतं. त्याला पुन्हा फोन केला. आधी खरं वजन सांगितलं. तो हसला नाही, म्हणाला, मी तसंही पंच्याण्णवच धरलं होतं. ब्याऐंशी सांगणारे सगळे पंच्याण्णवचे असतात. मग मागं-पुढं गोल तारा, २ आणि १.८, पितळी निपल, तीन फुल्या. ॲल्युमिनियमच्या निपलनं चाळीसेक ग्रॅम वाचतात असं डॉक्टर सांगत होते. मी त्यांचा फोन पूर्ण ऐकला आणि पितळी घेतले.

संक्रांतीच्या आठवड्यात, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरात असताना चाकं तयार झाली. अण्णांनी एकेक तार छेडून दाखवली, मला सगळ्या सारख्याच ऐकू आल्या, हेच तर हवं होतं. फेब्रुवारीत ब्रेव्हे केली. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, मी तेरा तास दहा मिनिटांत आलो. तार तुटली नाही, चाक आऊट झालं नाही, म्हणजे डुललं नाही. शेवटचे वीस किलोमीटर वारा समोरून होता, पण पुढच्या तारा गोल असल्याचं त्यावेळी मनातही आलं नाही. मनात पिठलं-भाकरी होती.

उरलेल्या तारा मी कपाटावर ठेवल्या होत्या. मार्चमध्ये एका दुपारी जेवायला घरी आलो तर आई मशीनपाशी बसून परकरात नाडी ओवत होती. पूर्वी तिच्याकडं दूधवाल्याच्या सायकलीची एक गंजकी तार होती, तिच्या मानेला नाडी बांधून ती नेफ्यातून सरकवायची. आता हातात बेल्जियमची तार होती.

"आई, ती तीनशे रुपयांची आहे."

"असू दे. चपटी हाय ती बरी हाय रे. गोल तार नेफ्यात अडकायची, ही कशी सरसर जाते बघ." तिनं तार दुसऱ्या टोकानं बाहेर काढली, नाडी ओढून सारखी केली. "शेजारच्या काकूंना दोन दिल्या. मावशीला एक पाठवायची हाय बार्शीला."

मी पाट ओढून शेजारी बसलो.

"किती फरक पडतो?" मी विचारलं.

तिनं दुसरा परकर हातात घेतला. जरा विचार केला.

"वाचत असंल की एका परकरामागं अर्धं मिनिट."